अँबेसॅडर १४८९ (४० ओव्हरसाइज, हेड फेस केलेलं): टायमिंग नक्की किती ठेवायचं?

सातारी_अँबी

गाडी मार्क टू अँबेसॅडर, इंजिन मूळचंच बी-सिरीज १४८९ सीसी. झालेलं काम असं: बोअर ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज, म्हणजे आता १५३१ सीसी. हेड फेस करून कॉम्प्रेशन रेशो ९:१ (चेंबर सिरिंजने मोजून काढलेला, अंदाजाने नाही). कॅम २७० अंशांची रोड कॅम, दीड इंची एसयू कार्बोरेटर, ४-२-१ एक्झॉस्ट. डेल्को (डिस्ट्रिब्युटर) लुकास टीव्हीएसचा, पॉइंट-कंडेन्सरवाला, व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरला. पॉइंट गॅप १५ थाऊ, प्लग बीपी६ईएस, गॅप २५ थाऊ. पेट्रोल पंपावरचं साधं.

टायमिंग लाइटने, व्हॅक्युमची नळी काढून, तोंड बंद करून घेतलेलं रीडिंग (पिस्टन पूर्ण वर येण्याच्या किती अंश आधी स्पार्क पडतो ते): ९०० आरपीएमला १६ अंश, ४००० ला ४० अंश. या सेटिंगला स्लो (आयडलिंग) छान लागतं, पिकअप जोरदार. पण खंबाटकी चढताना तिसऱ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की खडखड नॉकिंग, आणि गरम इंजिनला सेल्फ मारला की स्टार्टर अडकल्यासारखा उलटा झटका देतो.

टायमिंग ८ अंश मागे घेतलं, म्हणजे स्लोला ८ आणि वर ३२. नॉकिंग बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. उलट स्लो हलायला लागलं, गाडी तापते आणि रात्री एक्झॉस्टचे पाइप लाल दिसतात. मॅन्युअलमधला आकडा या इंजिनला लागू पडेल असं वाटत नाही. मग धरायचं काय?

डेल्कोवाला

तुमचे दोन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. ४० वजा १६ म्हणजे २४, ३२ वजा ८ म्हणजेही २४. आरपीएम वाढला की तुमचा डेल्को आतल्या वजनांच्या जोरावर क्रँकचे २४ अंश वाढवतो. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या स्वतःच्या मापात ते १२ अंश. पॉइंटची प्लेट काढली की खाली वजनांजवळ कॅमच्या पायावर आकडा ठोकलेला असतो, तो बहुतेक १२ निघेल. या २४ मध्ये तुम्ही बॉडी कितीही फिरवा, एक टोक बरोबर आलं की दुसरं बिघडणार.

कारण मॅन्युअलचा आकडा आणि त्या डेल्कोचा कर्व्ह (आरपीएमबरोबर हे अंश वाढण्याची चढण), दोन्ही कमी कॉम्प्रेशन आणि सौम्य कॅमच्या इंजिनासाठी आहेत. तुम्ही दोन बदल केलेत आणि ते टायमिंगला विरुद्ध दिशांना ओढतात. कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण जास्त दाबलं जातं, लवकर जळतं, म्हणून वरच्या आरपीएमला ॲडव्हान्स (स्पार्क आधी पाडणं) कमी लागतो. मोठ्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहण्याचा काळ जास्त, त्यामुळे स्लोला जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, मिश्रण सावकाश जळतं, म्हणून खाली ॲडव्हान्स जास्त लागतो. खाली जास्त, वर कमी. मधली चढण २४ वरून २० च्या आसपास आणल्याशिवाय हे जमणार नाही.

या इंजिनाला माझ्या मते लक्ष्य असं ठेवा (व्हॅक्युम बंद ठेवून, सगळे क्रँकचे अंश): ९०० ला १२, १५०० ला १७, २००० ला २२, २५०० ला २६, ३५०० ला ३२ आणि त्यापुढे एकही नाही. हेड बिडाचं आहे, ॲल्युमिनियमचं नाही. ते उष्णता धरून ठेवतं, म्हणून साध्या पेट्रोलवर ९:१ ला ३४-३५ चा मोह नको.

सेट करताना आधी वरचं टोक पकडा. ३५०० ते ४००० ला जिथे आकडा वाढायचा थांबतो तिथे ३२ लावा, मग स्लोला जे येईल ते वाचा. स्लोवर लावायला गेलात तर हलकी स्प्रिंग ९०० लाच उघडायला लागलेली असू शकते, आरपीएम पन्नास इकडेतिकडे झाला की आकडा सरकतो.

बॉडी फिरवायची दिशा: या इंजिनात रोटर वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ॲडव्हान्ससाठी बॉडी घड्याळाच्या दिशेने. बारीक फरकासाठी व्हॅक्युमच्या डबीजवळची खाचेरी नट वापरा, साधारण अकरा क्लिकला एक अंश. ती आधी मधोमध आणून ठेवा, नाहीतर पुढे गरज पडेल तेव्हा फिरायला जागा उरत नाही.

पण एक खटकतंय. ९:१ ला खरोखर ३२ असतील तर नॉकिंग जवळजवळ जायला हवं होतं.

काउलीकर

मला पण तेच खटकलं. ३२ हे ३२ च आहेत कशावरून? बी-सिरीजमध्ये खुणा टायमिंग कव्हरच्या खालच्या बाजूला, पुलीवर एक खाच. कुठल्या तरी दुसऱ्या इंजिनाची पुली किंवा कव्हर कधी बसलेलं असेल तर खाच भलतीकडे असू शकते. खालून वाकून बघताना तिरकस नजरेने एक-दोन अंश तसेही चुकतात. इथे इंग्लंडमध्ये जुन्या मॉरिस ऑक्सफर्ड आणि एमजीवर काम करणारे लोक सुधारलेल्या इंजिनाला लाइट लावण्याआधी खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर असतानाची जागा) शोधून घेतात.

पद्धत सोपी आहे. जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं अंग फोडून काढा, त्या पोकळ बॉडीत गोल टोकाचा बोल्ट वेल्ड करून पिस्टन स्टॉप बनवा. चारही प्लग काढा, बॅटरीची वायर सोडा. पिस्टन खाली असताना स्टॉप पहिल्या सिलिंडरमध्ये आवळा. आता पाना लावून क्रँक हाताने हळू फिरवा, पिस्टन स्टॉपला टेकला की कव्हरच्या टोकासमोर पुलीवर खूण करा. उलट दिशेने फिरवून परत टेकेपर्यंत आणा, दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये टीडीसी. सेल्फ चुकूनही मारायचा नाही, पिस्टनच्या डोक्याला भोक पडेल. स्टॉप किती आत जातो तेही आधी बघा. या हेडमध्ये व्हॉल्व प्लगच्या जवळ आहेत, उघडलेला व्हॉल्व स्टॉपवर आदळायला नको.

मग अंशांची पट्टी करा. पुलीचा व्यास मोजा. समजा १४० मिमी आहे, तर घेर ४३९.८ मिमी, एक अंश १.२२ मिमी, ३० अंश ३६.६ मिमी. कागदी टेपवर टीडीसी, १०, २०, ३०, ३५ च्या रेघा मारून ती पुलीच्या घेरावर चिकटवा. ॲडव्हान्सच्या रेघा फिरण्याच्या दिशेने टीडीसीच्या पुढे यायला हव्यात. इंजिन समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतं. जमलं तर वरून नीट दिसेल असा पत्र्याचा नवीन दर्शक कव्हरच्या बोल्टखाली लावा आणि टीडीसी त्याच्यासमोर घ्या.

सातारी_अँबी

केलं. पुली १४० मिमीचीच निघाली. खरा टीडीसी येतो तेव्हा जुनी खाच टोकाच्या पुढे अडीच मिमी निघून गेलेली असते.

डेल्को उघडला, आकडा १२ च आहे. वजनं मोकळी आहेत, रोटर हाताने पिळला की सुटून परत येतो. दुसरी शंका: लाइटमध्ये खूण स्थिर नाही, दोन अंशांत थरथरते.

डेल्कोवाला

अडीच मिमी म्हणजे दोन अंश, आणि ते वाचलेल्या आकड्यात मिळवायचे. म्हणजे तुमचे मूळचे १६/४० खरे होते १८/४२. मागे घेतलेले ८/३२ खरे १०/३४. ४२ ला घाटात खडखड होणारच, १८ ला गरम इंजिन सेल्फला उलटा झटका देणारच. ३४ ला किंचित उरलं, तेही जुळतं.

पण स्लोला खरे १० असताना पाइप लाल व्हावेत हे फक्त टायमिंगचं काम नाही. टायमिंग मागे असलं की ज्वाळा उशिरा संपते, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, हे खरं. तरी १० इतके कमी नाहीत. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असण्याचा दाट संशय आहे. ते इथे कोणीतरी जास्त चांगलं सांगेल.

थरथरीबद्दल. आधी पॉइंट बघा, मग शाफ्ट. शाफ्टला बोटांनी आडवा धक्का द्या, खडखड लागली तर बुश गेलाय. बुश झिजला की शाफ्ट पॉइंटच्या दाबाने एका बाजूला ढकलला जातो आणि प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा मिळतो. तपासायला लाइटची क्लिप १ नंबरवरून ४ नंबरच्या वायरवर लावा. पुलीवर तीच रेघ त्याच जागी यायला हवी, कारण १ आणि ४ चे पिस्टन एकत्र वर येतात. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर आधी डेल्कोला लेथवाल्याकडे नेऊन नवीन बुश बसवा. झिजलेल्या डेल्कोवर कर्व्ह बनवणं फुकट आहे.

बुश ठीक असूनही खूण स्लोलाच थरथरत असेल आणि २००० ला शांत होत असेल, तर ती हलक्या स्प्रिंगची करामत. टायमिंग चेन ढिली असली तरी तसंच दिसतं, कारण डेल्को कॅमशाफ्टवरून फिरतो.

आता १२ चे १० कसे करायचे. सर्वात सोपा मार्ग, १० आकड्याचा डेल्को भंगारात मिळतो का बघा, किंवा त्यातला फक्त कॅम. नाही मिळाला तर आतला कॅम बाहेर काढा. त्याच्या पायाचा एक हात फिरत जाऊन स्प्रिंगच्या खुंटीवर टेकतो, तिथे ॲडव्हान्स संपतो. त्या टेकणाऱ्या कडेवर पितळेचा थेंब चढवून घासत घासत मापात आणायचा. किती? कॅमच्या मध्यापासून त्या कडेपर्यंतची त्रिज्या मोजा. १५ मिमी असेल तर दोन अंशांना अर्धा मिमी. जास्तच चढवा, मग कानसीने कमी करा, उलटं करता येत नाही. पॉइंटचा कॅम ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, तापून मऊ पडला तर पॉइंटची टाच त्याला महिन्याभरात खाईल.

स्प्रिंगा दोन वेगळ्या असतात, ते तसंच राहू द्या. हलकी आधी काम करते. जाड स्प्रिंगचं कडं लांबट असतं, म्हणून ती उशिरा ताणली जाते. दोन्ही हलक्या लावून 'कर्व्ह लवकर आणतो' म्हणणारे भेटतील. तसं केलं की २००० लाच ३२ येतात, आणि घाटात तिसऱ्यात इंजिन नेमकं २००० ते २५०० लाच ओढत असतं.

बसवताना क्रम मोडू नका: टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, शेवटी कार्बोरेटर. टॅपेट मूळ कॅमला १५ थाऊ होते, तुमच्या कॅमचं कार्ड जे म्हणेल ते ठेवा. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग बदलतंच. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे ॲडव्हान्स. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतो ते मोजणारा) असेल तर ६० अंशांवर ठेवा. ड्वेल एक अंश वाढला की टायमिंग क्रँकच्या साधारण एक अंशाने मागे येतं. टाच झिजत जाते तसं टायमिंग आपोआप मागे सरकतं ते यामुळेच.

लेथ_आणि_तेल

एवढं करताय तर व्हॅक्युमची डबी काढूनच टाका. मोठ्या कॅमला व्हॅक्युम तसाही धड मिळत नाही. रेसच्या गाड्यांत कुणी ठेवत नाही.

डेल्कोवाला

रेसच्या गाडीत ॲक्सिलरेटर एक तर पूर्ण दाबलेला असतो नाहीतर सोडलेला. ही गाडी पुणे-सातारा रस्त्यावर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालणार. अर्ध्या लोडला सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ, ते सावकाश जळतं, तेव्हा ३२ च्या वर आणखी दहा-बारा अंश मिळाले तर ॲव्हरेज सुधारतं आणि इंजिन गार चालतं. एकूण ४४ झाले तरी त्या लोडला नॉकिंग होत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्युम पडतो आणि ते अंश निघून जातात.

तुमचं म्हणणं मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमला लागू आहे, तो मोठ्या कॅमला स्लोवर थरथरतो आणि टायमिंग नाचवतो. यांची नळी कार्बोरेटरला आहे, बटरफ्लायच्या कडेशी. स्लोला तिथे जवळजवळ शून्य असतं. ती ठेवा. फक्त डबीचा पडदा तपासा: नळी तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत, परत आली तर फाटलाय. फाटलेल्या पडद्यातून हवाही आत शिरते आणि मिश्रण लीन होतं.

एसयू_सुई

लीनचा विषय निघालाच आहे म्हणून. मोठा बोअर, मोकळा एक्झॉस्ट, मोठी कॅम, आणि एसयूमध्ये जुनीच सुई असेल तर वरच्या भागात मिश्रण लीन असणार. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल नॉकिंगला चांगला अडवतो, पण त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, २० टक्के मिसळलेल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तीच सुई, तोच जेट, तरी गाडी आपोआप लीन. लीन मिश्रण तापतं, नॉक करतं, आणि दोष टायमिंगला लागतो.

गरम इंजिनला एसयूचा पिस्टन खालच्या पिनने अगदी थोडा, मिलिमीटरभर उचला. स्लो क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. वाढलं आणि वाढलेलंच राहिलं तर रिच. लगेच पडलं, बंद पडायला आलं तर लीन. जेटची नट खाली घेतली की रिच, एकेक कड करत. ही स्लोची परीक्षा झाली. वरच्या भागासाठी सुईच बदलावी लागते, नट फिरवून नाही भागत. डॅशपॉटमध्ये (एसयूच्या पिस्टनच्या वरच्या नळीत) तेल आहे ना तेही बघा. तेल नसेल तर ॲक्सिलरेटर झटकन दिल्यावर पिस्टन उडतो आणि त्या क्षणी लीन होऊन एक टक्क असा आवाज येतो. टायमिंग लाइट घेऊन बसलात तरी तो सापडणार नाही.

प्लग वाचा: घाटात पूर्ण लोडवर नेऊन चावी बंद करा, क्लच दाबून सुरक्षित जागी थांबा, मग प्लग काढा. चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर नॉकिंग चालू आहे, कानाला आलं नसलं तरी. चकचकीत ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. पांढराफटक दिसला तर लीन. ९:१ ला आणि घाटाच्या वापराला बीपी७ईएस, एक पायरी थंड, लावून बघायला हरकत नाही.

सातारी_अँबी

पिन उचलली की लगेच पडतं, म्हणजे लीन. सुईचं बघतो. डेल्को बुशसाठी दिलाय. शेवटचा प्रश्न: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवावं का, म्हणजे ही थरथर जाईल?

डेल्कोवाला

पॉइंटची टाच झिजण्याचा त्रास जाईल. कर्व्ह बदलणार नाही, वजनं-स्प्रिंगा त्याच राहतात. बुश झिजलेला असेल तर थरथरही पूर्ण जाणार नाही. बसवलंत तर कॉइलचा ओहम मॉड्युलच्या कागदावर लिहिलाय त्यापेक्षा कमी नको, साधी १२ व्होल्टची कॉइल ३ ओहमच्या आसपास असते. गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थवर असेल तर त्या अर्थचंच मॉड्युल घ्या, उलटं जोडलं तर पहिल्या चावीलाच जातं. आणि बसवल्यावर टायमिंग शून्यापासून परत लावायचं, पॉइंट उघडण्याची आणि मॉड्युलने स्पार्क देण्याची जागा एक नसते.

नवा डेल्को बसला की आधी दिव्याने अंदाजे लावून घ्या, म्हणजे इंजिन पहिल्या सेल्फला लागेल (हे पॉइंट असतील तरच). १२ व्होल्टचा बल्ब डेल्कोच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावा, चावी ऑन. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येत असताना इंजिन सरळ दिशेनेच फिरवत १० अंशांवर आणा. पुढे गेलं तर तेवढंच मागे घेऊ नका, चेनची ढील मध्ये येते. चांगलं पाव फेरा मागे नेऊन परत सरळ आणा. मग बॉडी घड्याळाच्या उलट दिशेला थोडी नेऊन हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरवत या, बल्ब पेटला तिथे क्लॅम्प आवळा. रोटर १ नंबरच्या टोकासमोर आहे ना बघा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

मग लाइटने वरून ३२. ४००० ला धरताना फॅन आणि बेल्टपासून लाइटची वायर, बाह्या, ओढणी लांब. तीन बेअरिंगचा क्रँक आहे, उगीच ५००० ला नेऊन आकडा बघत बसू नका, ३५०० नंतर तो वाढायलाच नको.

घाटात परीक्षा घ्या ती इंजिन पूर्ण तापल्यावर, तिसऱ्यात ४० च्या वेगाने पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन. टिकटिक आली तर खाचेरी नट बावीस क्लिक मागे, म्हणजे दोन अंश, आणि परत त्याच चढावर. ३० ला सुद्धा येत असेल तर टायमिंगला हात लावणं थांबवा: मिश्रण, पिस्टनवरचा कार्बन किंवा कूलिंग बघा. नवीन पॉइंट असतील तर ५०० किलोमीटरनंतर गॅप परत तपासा, सुरुवातीला टाच सर्वात वेगाने बसते.